रिकाम्या चौकटींच्या दालनात : पियानोवादक डेम मायरा हेस

युरोपीय अभिजात संगीताच्या इतिहासात मोठमोठे पियानोवादक होऊन गेले. कोणाची बोटे विजेसारखी फिरत, कोणाची स्मरणशक्ती थक्क करणारी होती, तर कोणी रचनाकार म्हणूनही अजरामर झाले. या मांदियाळीत लंडनच्या डेम मायरा हेस यांचे स्थान थोडे निराळे आहे. वादनातील त्यांचा अधिकार मोठा होताच. परंतु आज त्यांचे नाव विशेष आदराने घेतले जाते ते एका प्रदीर्घ कार्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात ज्या शहरावर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते, त्याच शहरात या विदुषीने दुपारच्या संगीतसभांचा नेम आरंभिला आणि तब्बल साडेसहा वर्षे तो चालविला. कलेवरील प्रेम आणि माणसांवरील प्रेम ही एकाच झऱ्याची दोन नावे असू शकतात, हे त्यांचे चरित्र वाचताना मनोमन पटते.

गुरुगृहातील घडण

मायरा हेस यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९० रोजी लंडन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. चार भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांची बोटे पियानोवर पडली. प्रारंभीचे शिक्षण गिल्डहॉल संगीतशाळेत झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत दाखल झाल्या आणि तेथे त्यांना टोबायस मॅथे हे गुरू लाभले. गुरुशिष्याचे हे नाते पुढे आयुष्यभर टिकले. शिष्यमंडळी मॅथे यांना प्रेमाने ‘अंकल टॉब्स’ म्हणत.

मॅथे यांची शिकवण समजून घ्यायची, तर पियानो या वाद्याचा स्वभाव थोडा ध्यानात घ्यावा लागतो. आपल्या घरांतून परिचित असलेल्या पेटीत भाता चालू असेपर्यंत स्वर टिकून राहतो. पियानोचे तसे नाही. पट्टी दाबली की आत लोकरी नमद्याने मढविलेली लहानशी हातोडी उसळून तारेवर आघात करते आणि लगेच मागे येते. स्वर उमटतो तो त्या एका क्षणी. त्यानंतर तो हळूहळू विरतच जातो. वादकाला तो फुगविता येत नाही, वळविता येत नाही, सतारीसारखी त्यावर मींड घेता येत नाही. म्हणजे हे वाद्य मूळचे आघाताचे, आणि त्यातून गळ्यासारखे गाणे काढायचे! एका स्वराच्या विरण्यात दुसऱ्या स्वराचा जन्म इतक्या अलगद मिसळायचा, की ऐकणाऱ्याला सलग ओळ ऐकू यावी. पियानोवादकाची सारी तपश्चर्या या एका भासासाठी असते.

हे कसे साधावे? बोटांच्या व्यायामाने हात घट्ट करून नव्हे, असे मॅथे सांगत. हात, मनगट, खांदा यांतील अनावश्यक ताण सोडून द्यावा, बाहूचे नैसर्गिक वजन पट्टीवर उतरू द्यावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण वाजवितो ते आधी आपण ऐकावे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. लक्ष नसताना केलेला तासन्‌तासांचा सराव त्यांना व्यर्थ वाटे. मायरा हेस यांच्या वादनातील जो स्निग्ध, गाता स्वर पुढे जगाने वाखाणला, त्याची बीजे या गुरुगृहात पडली होती. तेथेच त्यांना आयरीन शारर ही जिवाभावाची मैत्रीण मिळाली. दोघी पुढे दोन पियानोंवर एकत्र वाजवीत असत.

१४ नोव्हेंबर १९०७ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली बीथोव्हेनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो वाजवून मायरा हेस यांनी पदार्पण केले. हा कॉन्चेर्टो निवडण्यातच त्यांच्या वृत्तीची खूण दिसते. वाद्यवृंदाच्या गर्जनेऐवजी एकट्या पियानोच्या हळुवार वाक्याने आरंभ होणारी ही रचना आहे. ती डोळे दिपवीत नाही, अंतर्मुख करते.

पदार्पण गाजले, तरी यश लगेच दारी आले नाही. पुढची कित्येक वर्षे शिकवण्या करणे, गायकांना साथ देणे, लहानमोठ्या सभांत वाजविणे अशीच गेली. जानेवारी १९२२ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकेतील पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा श्रोते थोडेच होते. पण त्या थोड्यांनी जे ऐकले त्याची कीर्ती पसरली आणि त्यानंतर अमेरिकेचे दौरे त्यांच्या जीवनक्रमाचा भाग झाले. १९२६ साली बाखच्या एका धर्मगीतिकेतील सुरावटीचे त्यांनी केलेले पियानो रूपांतर प्रसिद्ध झाले. ‘जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’ या नावाने ते घरोघरी पोहोचले. मुळात समूहगान आणि वाद्ये यांच्यासाठी असलेली ती रचना दोन हातांत उतरविताना भोवती अखंड वाहणारी तीन-तीन स्वरांची लड आणि तिच्या मध्यभागी शांतपणे चालणारे स्तवन, ही दोन्ही अंगे वेगवेगळी ऐकू येतील अशी मांडणी त्यांनी केली. आज जगभरातील कितीतरी विद्यार्थी बाखला प्रथम भेटतात ते या रूपांतराच्या वाटेने.

शहर अंधारले तेव्हा

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. लंडनमध्ये त्याच दिवसांत नाट्यगृहे, चित्रपटगृहे, संगीतसभागृहे बंद झाली. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री दिवे मालविले जाऊ लागले. मुलांना खेड्यापाड्यांत पाठविण्यात आले. ट्रफाल्गर चौकातील नॅशनल गॅलरी हे देशाचे चित्रभांडार. तेथील अमोल चित्रेही वेल्सच्या सुरक्षित प्रदेशात हलविण्यात आली. ज्या भिंतींवर रेम्ब्रां आणि टिशियन झळकत असत, तेथे रिकाम्या चौकटी तेवढ्या उरल्या.

मायरा हेस यांच्यापुढे या वेळी अमेरिकेच्या दौऱ्याचा पर्याय मोकळा होता. दौरा ठरलेला होता. समुद्रापलीकडे सुरक्षितता होती, मान होता, उत्पन्नाचा मोठा भागही तेथूनच येत असे. त्यांनी तो दौरा रद्द केला. आपल्या शहरातील लोक अंधारात बसले असताना आपण दूर देशी वाजवीत राहणे त्यांना रुचेना. पण येथे राहून करायचे काय? सभागृहे बंद, वादकांना काम नाही आणि लोकांना स्वर नाही, अशी अवस्था होती.

मित्रमंडळींशी बोलताना एक कल्पना पुढे आली. रात्री बाहेर पडणे धोक्याचे असले, तरी दुपारी जेवणाच्या सुटीत कचेऱ्यांतून माणसे बाहेर पडतातच. रिकाम्या पडलेल्या नॅशनल गॅलरीत त्या वेळी अधूनमधून संगीतसभा घेता येईल काय? त्यांनी गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांची भेट घेतली. अधूनमधून कशाला, रोज का नको, असा क्लार्क यांचा प्रतिप्रश्न होता. अशा रीतीने, मागायला गेल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी मोठे ओझे घेऊन मायरा हेस परतल्या, आणि ते त्यांनी आनंदाने खांद्यावर घेतले.

सरकारी परवानगी मिळविणे सोपे नव्हते. एका ठिकाणी गर्दी जमली आणि तेथे बॉम्ब पडला तर, ही अधिकाऱ्यांची भीती रास्त होती. अखेर मर्यादित श्रोत्यांच्या अटीवर परवानगी मिळाली. १० ऑक्टोबर १९३९ हा पहिला दिवस. कार्यक्रम एकट्या मायरा हेस यांचा होता. सभा फसलीच तर ते अपयश दुसऱ्या कोणा वादकाच्या माथी येऊ नये, ही त्यामागची भावना असावी. श्रोते येतील की नाही याची धास्ती होती. प्रत्यक्षात रांग गॅलरीच्या बाहेर लांबवर गेली आणि सुमारे हजार माणसे आली. कचेरीतील कारकून, दुकानांतील मुली, गणवेशातील जवान, वृद्ध स्त्रिया, विद्यार्थी असे सारे त्या रांगेत होते. काही खुर्च्यांवर, उरलेले जमिनीवर बसले.

त्या दिवशी बीथोव्हेनचा ‘अपासियोनाटा’ सोनाटा वाजला आणि शेवट बाखच्या त्याच स्तवनाच्या रूपांतराने झाला. केनेथ क्लार्क यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की त्या वेळी निम्म्या श्रोत्यांप्रमाणे त्यांच्याही डोळ्यांत पाणी उभे राहिले होते. गेले कित्येक आठवडे ज्या भयाखाली माणसे वावरत होती, त्याला त्या तासाभरात प्रथमच उत्तर मिळाले होते.

एक शिलिंग आणि सर्वांना सारखे मानधन

उत्साहाच्या भरात एक कार्यक्रम करणे अवघड नसते. त्याचा नेम करणे अवघड असते. सोमवार ते शुक्रवार, दररोज दुपारी एक वाजता सभा व्हायची, म्हणजे दर आठवड्याला पाच कार्यक्रम, पाच वादकसंच, पाच यादी. त्यासाठी वादक मिळवायचे, त्यांच्या तारखा जुळवायच्या, कोणी आजारी पडले किंवा आगगाडी अडकली तर आयत्या वेळी दुसरी सोय करायची. संगीतरचनाकार हॉवर्ड फर्ग्युसन यांनी कार्यक्रमांच्या आखणीत मोलाचे साहाय्य केले. पण अंतिम जबाबदारी मायरा हेस यांची होती, आणि अनेकदा आयत्या वेळी उणीव भरून काढायला त्या स्वतःच पियानोवर बसत.

या सभांचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. प्रवेशमूल्य एक शिलिंग, म्हणजे एका पौंडाचा विसावा भाग. सामान्य नोकरदाराला हे परवडणारे होते. वादकांना मानधन मिळे, परंतु त्यात नामवंत आणि नवोदित असा भेद नव्हता. सर्वांना सारख्याच पाच गिनी. स्वतः मायरा हेस यांनी आपल्या वादनाचा एक पैसाही घेतला नाही. खर्च वजा जाता जे उरे, ते गरजू संगीतकारांसाठी असलेल्या साहाय्यनिधीकडे जाई. युद्धामुळे कितीतरी वादकांची उपजीविका बुडाली होती. त्यांना दान देण्याऐवजी काम देणे आणि त्या कामातून इतर गरजूंसाठी निधी उभा करणे, अशी ही दुहेरी योजना होती. देणाऱ्याचा तोरा नाही आणि घेणाऱ्याला संकोच नाही.

संगीताच्या जोडीला पोटाचाही विचार झाला. लोक जेवणाच्या सुटीत येत, म्हणून गॅलरीतच स्वयंसेविकांनी उपाहारगृह चालविले. तेथील मध आणि बेदाणे घातलेले सँडविच लंडनभर प्रसिद्ध झाले. पुढे अभिनेत्री म्हणून नावाजलेल्या जॉइस ग्रेनफेल यांच्यासारख्या स्त्रिया तेथे सँडविच करीत आणि वाढीत. कलेच्या मंदिरात खाणेपिणे शोभते काय, असा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. भुकेल्या माणसाला आधी घास आणि मग राग, हे शहाणपण या आयोजनात होते.

बॉम्बच्या छायेत

सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर प्रत्यक्ष हल्ले सुरू झाले आणि ते महिनोन्‌महिने चालले. गॅलरीच्या घुमटाखालील दालनाला काचेचे छत होते. हल्ल्यात अशी काच म्हणजे मृत्यूच. म्हणून सभा इमारतीच्या तळघरातील आसऱ्यात हलविण्यात आल्या. तेथे थंडी होती, ओल होती, जागा अपुरी होती. तरी सभा थांबल्या नाहीत. ऑक्टोबर १९४० मध्ये गॅलरीवर बॉम्ब पडले. न फुटलेला बॉम्ब आढळल्यामुळे एकदा सभा चौकाच्या पलीकडील साउथ आफ्रिका हाउसच्या ग्रंथालयात घ्यावी लागली. दुसऱ्या एका प्रसंगी तर बीथोव्हेनची तंतुवाद्य चौकडी चालू असतानाच इमारतीच्या दुसऱ्या भागात दडून राहिलेला बॉम्ब फुटला. भिंती हादरल्या, वादकांचा ठेका चुकला नाही. श्रोतेही बसून राहिले.

१० मे १९४१ च्या रात्री क्वीन्स हॉल आगीत भस्मसात झाला. ज्या रंगमंचावर सतरा वर्षांच्या मायरा हेस प्रथम उभ्या राहिल्या होत्या, तो आता राखेचा ढीग होता. शहरातील मोठे सभागृह गेल्यावर गॅलरीतील त्या साध्या दुपारच्या सभांचे मोल आणखी वाढले. त्याच वर्षी ब्रिटिश राजसत्तेने मायरा हेस यांना ‘डेम’ हा किताब दिला.

या सभांतून एक अनपेक्षित फळही मिळाले. संगीतासाठी गॅलरीत येणाऱ्यांना रिकाम्या भिंती खटकू लागल्या. निदान एखादे चित्र तरी पाहायला मिळावे, अशी मागणी वृत्तपत्रातील पत्रातून पुढे आली. १९४२ पासून सुरक्षित स्थळाहून दर महिन्याला एक चित्र आणून मांडण्याची प्रथा सुरू झाली. स्वरांनी जागविलेल्या दालनात रंगही परतले.

शत्रूची भाषा, मित्राचे संगीत

मायरा हेस यांच्या व्यक्तिमत्त्वाची खरी उंची एका नाजूक प्रश्नात दिसते. त्या ज्यांचे संगीत वाजवीत ते बाख, बीथोव्हेन, शूमान, ब्राह्म्स हे सारे जन्माने जर्मन. मोझार्ट आणि शूबर्ट ऑस्ट्रियाचे. आणि बॉम्ब टाकणारी विमाने येत होती तीही जर्मनीतूनच. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनमध्ये जर्मन संगीताविरुद्ध रोष उसळला होता. या वेळीही तसे होणे अशक्य नव्हते. त्यातून मायरा हेस स्वतः ज्यू. नाझी राजवट त्यांच्या समाजाचा समूळ उच्छेद करू पाहत होती. मेंडेल्सोन हा ज्यू वंशाचा म्हणून त्याच्या संगीतावर जर्मनीत बंदी होती. संतापाने त्यांनी जर्मन संगीत वर्ज्य केले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्यांनी तसे केले नाही. पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत बीथोव्हेन आणि बाख त्या सभांच्या केंद्रस्थानी राहिले. नाझी छळामुळे लंडनमध्ये स्थायिक झालेल्या एलेना गेरहार्ट या जर्मन गायिकेने त्याच दालनात जर्मन भाषेतील गीते गायिली आणि लंडनच्या श्रोत्यांनी ती मन लावून ऐकली. अत्याचारी राजवट वेगळी आणि त्या भूमीत जन्मलेले सौंदर्य वेगळे, हा विवेक बॉम्बच्या वर्षावात टिकवून धरणे किती कठीण असते, याची कल्पना शांततेच्या काळात येत नाही. द्वेषाला द्वेषाने उत्तर देणे सोपे असते. बीथोव्हेनवर कोणा हुकूमशहाची मालकी नाही, हे रोज दुपारी एक वाजता शांतपणे वाजवून दाखविणे हे त्यांचे उत्तर होते.

‘संकटात संगीत कशाला’ असा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. माणसे मरत असताना सोनाटा ऐकत बसणे ही चैन आहे, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. याचे उत्तर त्या रांगेत होते. रात्रभर आसऱ्यात जागून काढलेली माणसे सकाळी कामावर जात आणि दुपारी शिलिंग घेऊन रांगेत उभी राहत. ज्याच्या घराचे छप्पर काल उडाले आहे, तो मनोरंजनासाठी येत नसतो. आपण अजून माणूस आहोत, आपल्यात अजून काही कोवळे शिल्लक आहे, याची खात्री करून घेण्यासाठी तो येतो.

हसरी, मिश्कील, धास्तावलेली

एवढ्या कार्याची धनी असलेली स्त्री गंभीर, करारी मुद्रेची असेल असे वाटावे. रंगमंचावर साध्या काळ्या पोशाखात, आखडूपणा किंवा हातवारे न करता वाजविणाऱ्या मायरा हेस पाहून पुष्कळांना तसे वाटेही. पण मित्रांत त्या अत्यंत मिश्कील होत्या. नकला करणे, विनोद सांगणे, स्वतःवरच हसणे हा त्यांचा स्वभाव. त्यांचे खळखळून हसणे परिचितांच्या आठवणींत पुनःपुन्हा येते.

आणि गंमत अशी, की इतक्या सभा गाजविणाऱ्या या वादिकेला रंगमंचाची भीती कायम वाटत आली. कार्यक्रमापूर्वीची धडधड वयानुसार कमी झाली नाही, वाढलीच. उत्तरकाळात त्या स्वरलिपीची पाने पियानोवर समोर ठेवून वाजवीत. पाठांतर हीच मोठ्या वादकाची खूण मानण्याच्या काळात असे करायला धैर्य लागते. आपल्या प्रतिष्ठेपेक्षा रचना बिनचूक पोहोचणे त्यांना महत्त्वाचे वाटे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतही त्या अस्वस्थ असत. समोर माणसे नसली की त्यांचे वादन फुलत नसे. म्हणूनच त्यांनी मागे ठेवलेली मुद्रणे त्यांच्या कीर्तीच्या मानाने थोडी आहेत. त्यांच्यापेक्षा वेगवान, त्यांच्यापेक्षा चमकदार वादक त्या काळीही होते. श्रोत्यांना त्या हव्याशा वाटत त्या त्यांच्या स्वरातील ऊबेमुळे आणि वादनातील निखळ प्रामाणिकपणामुळे.

सुदैवाने त्या दिवसांची दोन चित्रणे उपलब्ध आहेत. हम्फ्री जेनिंग्ज यांच्या ‘लिसन टू ब्रिटन’ या १९४२ च्या अनुबोधपटात त्या हवाई दलाच्या वाद्यवृंदासह गॅलरीत मोझार्टचा कॉन्चेर्टो वाजविताना दिसतात. श्रोत्यांत राणी बसलेली आहे, आणि आसपास सामान्य स्त्रीपुरुष आहेत. कोणी सँडविच खात आहे, कोणी नुसतेच ऐकत आहे. १९४५ च्या दुसऱ्या लघुपटात ‘अपासियोनाटा’चा पहिला खंड वाजविणारे त्यांचे हात जवळून पाहता येतात. तो वादळी खंड वाजवितानाही चेहऱ्यावर ओढाताण नाही. मॅथे गुरुजींची शिकवण तेथे डोळ्यांनी दिसते.

अखेरची सभा आणि नंतर

युद्ध संपले, चित्रे परतू लागली आणि गॅलरीला आपली दालने हवी झाली. सभा अशाच चालू राहाव्यात, ही मायरा हेस यांची इच्छा होती. तिला यश आले नाही. १० एप्रिल १९४६ रोजी शेवटची सभा झाली. आरंभापासून नेमकी साडेसहा वर्षे झाली होती. एकूण १,६९८ सभा झाल्या आणि ८,२४,१५२ श्रोत्यांनी त्या ऐकल्या. म्हणजे सरासरी प्रत्येक सभेला पाचशेच्या जवळपास माणसे. यांतील दीडशेच्या आसपास सभांत त्या स्वतः वाजविल्या. कॅथलीन फेरियर यांच्यासारख्या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या गायिकेपासून गणवेशातच वाद्य घेऊन आलेल्या तरुण सैनिक वादकांपर्यंत कितीतरी कलावंतांना त्या दालनाने श्रोते दिले.

युद्धानंतर अमेरिकेने त्यांचे प्रेमाने स्वागत केले. नोव्हेंबर १९४६ मध्ये आर्तुरो तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली त्यांनी न्यूयॉर्क येथे बीथोव्हेनचा तिसरा कॉन्चेर्टो वाजविला. त्यानंतर दीड दशक दौरे आणि सभा चालू होत्या. ऑक्टोबर १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मोझार्टचा ए मेजरमधील कॉन्चेर्टो वाजवून त्यांनी जाहीर वादनाचा निरोप घेतला. आजारपणाने हात थकले, तरी विद्यादान चालूच होते. अमेरिकेहून त्यांच्याकडे शिकण्यासाठी आलेला तरुण शिष्य स्टीव्हन कोवासेविच पुढे स्वतः मोठा पियानोवादक झाला. २५ नोव्हेंबर १९६५ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, लंडन येथे मायरा हेस यांचे निधन झाले.

त्यांनी लावलेले रोप मात्र दुसऱ्याच भूमीत फळले. १९७७ पासून अमेरिकेतील शिकागो शहरात ‘डेम मायरा हेस स्मृती संगीतसभा’ भरत आल्या आहेत. आठवड्यातून एकदा, दुपारी, विनामूल्य, आणि त्यात प्रामुख्याने उगवत्या वादकांना संधी दिली जाते. लंडनच्या नॅशनल गॅलरीतही त्यांच्या स्मरणार्थ ‘मायरा हेस दिन’ साजरा झाला आहे.

प्रत्येक कुटुंबात संगीत शिकणारे मूल असतेच असे नाही, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाची मायरा हेस होत नाही. पण आपल्याला जे येते ते कठीण दिवसांत इतरांच्या उपयोगी कसे पडेल, हा प्रश्न स्वतःला विचारणे कोणालाही शक्य आहे. मायरा हेस यांच्याजवळ ना सत्ता होती, ना शस्त्र. एक वाद्य होते, रोज दुपारचा एक तास होता आणि तो तास चुकवायचा नाही असा निश्चय होता. तेवढ्या भांडवलावर त्यांनी आठ लाखांहून अधिक माणसांच्या मनाला उभारी दिली.